एका लाल रंगाची गोष्ट

इस्तंबूलला एमिनोनूच्या धक्क्यावर बोटीतून उतरले, की समोरच मसाल्यांचा मोठा बंदिस्त बाजार दिसतो. त्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून एक अरुंद गल्ली जाते. तिचे नाव हसिरजिलर, म्हणजे चटया विणणाऱ्यांची पेठ. आज तिथे चटया फारशा दिसत नाहीत. भाजलेली कॉफी, सुके अंजीर, पिस्ते, प्लास्टिकच्या बादल्या असे सारे काही मिळते. या गल्लीत एक मशीद आहे हे आम्हाला ठाऊक होते आणि तीच पाहायला आम्ही आलो होतो. तरीसुद्धा आम्ही दोनदा तिच्यावरून पुढे निघून गेलो. कारण गल्लीतून पाहिले तर मशीद दिसतच नाही. दोन दुकानांच्या मध्ये एक लहानशी कमान आहे, तिच्यातून वर जाणारा अंधारा जिना आहे, आणि जिना संपला की एकदम मोकळे आकाश आणि दगडी चौक. खाली दुकाने आणि गोदामे, त्यांच्या डोक्यावर मशीद! खालच्या भाड्यातून वरचा खर्च भागावा अशी ही जुनी सोय.

ही रुस्तम पाशाची मशीद. रुस्तम पाशा हा ऑटोमन सुलतान सुलेमान याचा जावई आणि मुख्य वजीर. १५६१ साली तो वारला. मशीद त्यानंतर, १५६३ च्या सुमारास पुरी झाली. बांधणारा होता मिमार सिनान. 'मिमार' म्हणजे वास्तुशिल्पी. सिनानने पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत शेकडो इमारती उभ्या केल्या. त्यांच्या मानाने ही मशीद लहानच म्हणायची. तिचा मुख्य घुमट सुमारे १५ मीटर व्यासाचा आहे आणि तो आठ आधारांवर तोललेला आहे.

पण इथे लोक घुमट पाहायला येत नाहीत. ते येतात भिंती पाहायला. जोडे काढून, नमाज चालू नाही ना याची खात्री करून आम्ही आत पाऊल टाकले आणि थोडा वेळ कोणी काही बोललेच नाही. जमिनीपासून वरपर्यंत भिंती, खांब, मिहराब, सारे काही निळ्या-पांढऱ्या टाइल्सनी मढवलेले. ट्यूलिपची फुले, कार्नेशन, डाळिंबे, करवतीसारख्या कडांची लांब वळणदार पाने. नक्षीचे प्रकारच ऐंशीच्या आसपास आहेत असे सांगतात. थोरल्या सुलेमानिये मशिदीत, म्हणजे खुद्द सुलतानाच्या मशिदीत, टाइल्स आहेत त्या फक्त मक्केच्या दिशेच्या भिंतीवर. इथे मात्र त्यांनी इमारत भरून टाकली आहे. बाहेरच्या ओसरीवरही त्या आहेतच.

एकच रंग वर का आला?

ओसरीतल्या टाइल्स उजेडात असल्यामुळे आम्ही त्यांच्यापाशी बराच वेळ थांबलो. साडेचारशे वर्षांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही पाळला. पण डोके भिंतीला जवळजवळ टेकवून, तिरप्या नजरेने पाहायला कोणाची हरकत नव्हती. तसे पाहिल्यावर एक गंमत दिसली. निळा रंग, फिरोजी रंग, काळ्या बाह्यरेषा हे सर्व झिलईच्या खाली सपाट होते. शांत पाण्याच्या तळाशी काही पडलेले दिसावे तसे. लाल रंग मात्र वर उठलेला होता. ट्यूलिपच्या पाकळीवरचा लाल ठिपका ओल्या कुंकवाचा जाड टिळा वाळावा तसा फुगीर दिसत होता, आणि तिरपा प्रकाश त्याच्या कडेवर चमकत होता.

सर्व रंग एकाच कारागिराने, एकाच टाइलवर, एकाच दिवशी भरलेले. मग लाल तेवढाच जाड का? सजावटीसाठी असेल म्हणावे, तर निळी फुले तशी का नाहीत? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात थोडे रसायनशास्त्र आहे आणि पुष्कळसा इतिहास आहे.

आधी पांढरा, मग रंग

या टाइल्स इस्तंबूलच्या नव्हेत. त्या इझ्निक या गावी बनल्या. इझ्निक म्हणजे प्राचीन निकेआ, मार्मारा समुद्राच्या पलीकडे एका तळ्याच्या काठी वसलेले. तिथले कुंभार पूर्वी साध्या लाल मातीची भांडी करत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी एक नवे काम हाती घेतले. दरबाराला चीनहून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा मोह होता, आणि तशी भांडी इथेच व्हावीत अशी इच्छा होती. तुर्की भाषेत टाइलला 'चिनी' म्हणतात. आपणही कपबशीच्या मातीला 'चिनी माती'च म्हणतो. दोन्ही भाषांनी एकाच मूळ गावाचा पत्ता जपून ठेवला आहे.

पण चीनसारखे भांडे करायचे तर केओलिन ही शुद्ध पांढरी माती हवी आणि १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापणारी भट्टी हवी. इझ्निकमध्ये दोन्ही नव्हती. म्हणून तिथल्या कारागिरांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ, पिठासारखी बारीक दळली. तिच्यात थोडी पांढरी माती आणि थोडा काचेचा चुरा मिसळला. सुमारे ९०० अंशाला हा चुरा वितळतो आणि गारगोटीचे कण एकमेकांना चिकटवून टाकतो. म्हणजे इझ्निकची टाइल ही मातीची वस्तू म्हणण्यापेक्षा काचेने सांधलेली वाळू म्हणावी हे जास्त खरे.

हा रस्ता अगदी नवा नव्हता. इराणात काशान गावच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम याने १३०१ साली फारसीत एक ग्रंथ लिहिला. त्यात अशा मिश्रणाचे प्रमाण स्पष्ट दिले आहे: दहा भाग गारगोटी, एक भाग काच, एक भाग पांढरी माती. गारगोटीला त्याने दिलेल्या नावाचा अर्थ आहे 'साखरेचा दगड'. इझ्निकच्या कारागिरांनी आपल्या काचेत सोड्याबरोबर शिसेही घातले, एवढा फरक. अबुल कासिमचा हा ग्रंथ आपण लक्षात ठेवू, पुढे त्याचे काम आहे.

अशा टाइलवर त्याच मिश्रणाचे, पण जास्त पांढरे आणि बारीक असे अस्तर चढवत. अस्तरावर नक्षी उमटवायची पद्धत आपल्या ओळखीची आहे. कागदावर चित्र काढून रेषांवर सुईने भोके पाडायची, कागद टाइलवर ठेवायचा आणि त्यावरून कोळशाची पूड फिरवायची. आपल्याकडे पत्र्याच्या छापातून रांगोळी सोडतात, तसेच हे. एकच ट्यूलिप शेकडो टाइल्सवर तंतोतंत कशी उतरली याचे कोडे इथे सुटते. मग काळ्या बाह्यरेषा, मग रंग आणि सर्वांत शेवटी झिलई.

झिलई म्हणजे काचेचा पातळ थर. तिच्यात गारगोटी, शिसे, सोडा आणि थोडे कथील असे. इथे एक अडचण येते, ती आपल्या स्वयंपाकघरातही दिसते. जुन्या कपबशीवर कधी कधी केसासारख्या बारीक चिरांचे जाळे पडते. भट्टीतून बाहेर येताना टाइल आणि झिलई दोन्ही आकसतात. झिलई जास्त आकसली तर ती ताणली जाते आणि तडकते. काचेला ताण सोसत नाही, दाब मात्र चांगला सोसतो. म्हणून आतली टाइल झिलईपेक्षा किंचित जास्त आकसावी असे मिश्रण लागते. गारगोटी तापल्यावर बरीच प्रसरण पावते आणि निवताना तितकीच आकसते. त्यामुळे सोडा आणि शिसे असलेली झिलई तिच्यावर नीट बसते. इझ्निकच्या कारागिरांना प्रसरणांक हा शब्द माहीत नव्हता. पण रुस्तम पाशाच्या मशिदीत आज साडेचार शतकांनंतरही पुष्कळ टाइल्सचा पृष्ठभाग काचेसारखा अखंड आहे.

बोरॅक्सचा मणी काय सांगतो?

आता लाल रंगाकडे वळू. शाळेच्या प्रयोगशाळेतली बोरॅक्स मणी परीक्षा शिक्षकांना आठवत असेल. प्लॅटिनमच्या तारेच्या टोकावर बोरॅक्स वितळवून काचेचा मणी करायचा आणि त्याला धातूच्या क्षाराचा कण लावून ज्योतीत धरायचे. कोबाल्ट असेल तर मणी गडद निळा होतो. तांबे असेल तर निवल्यावर निळसर. आणि लोह असेल तर? ऑक्सिडीकारक ज्योतीत पिवळा किंवा तपकिरी, क्षपणकारक ज्योतीत बाटलीसारखा हिरवा. लाल मात्र कधीच नाही.

इझ्निकची झिलई म्हणजे भिंतीवर पसरलेला असाच एक मणी. कोबाल्ट तिच्यात विरघळून निळा देतो, तांबे विरघळून फिरोजी देते. हे रंग म्हणजे काचेतली द्रावणे. म्हणून ते सपाट, पारदर्शक आणि खोल दिसतात. लोह मात्र विरघळले की फसवते. गेरूचा लाल रंग हा हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडच्या स्फटिकांचा रंग आहे. स्फटिक मोडला, लोह काचेत विरघळले, की लाल गेला आणि पिवळट तपकिरी डाग उरला. म्हणजे निळ्यासाठी कारागिराला रंग विरघळवायचा होता, आणि लालसाठी तो विरघळू द्यायचा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच भट्टीत आणि एकाच वेळी.

यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे तो फुगीर ठिपका. लोह भरपूर असलेली लाल माती गारगोटीच्या पुडीबरोबर कालवून ती जाड थरात लावायची. या मातीला आर्मेनियन माती असे जुने नाव आहे. वितळलेली झिलई वरून हा थर कुरतडते, थोडे लोह खाऊनही टाकते. पण थर जाड असल्यामुळे खालचे हेमॅटाइट शाबूत राहते. आजच्या काळात अशा टाइल्स वर्णपटाच्या साहाय्याने तपासल्या गेल्या, तेव्हा त्या लाल थरात गारगोटीच्या कणांबरोबर हेमॅटाइटचे स्फटिक तसेच्या तसे सापडले. ओसरीतल्या आमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. उठाव ही सजावट असेलही, पण मुळात ती गरज होती.

तरीही काम सोपे होत नाही. भट्टीत धूर कोंडला, हवा कमी पडली, तर हेमॅटाइटचे क्षपण होऊन ते काळपट होते. तापमान जरा वाढले किंवा वेळ जरा लांबला, तर झिलई जास्त लोह खाते आणि रंग तपकिरी होतो. तापमान कमी राहिले तर झिलईच नीट वितळत नाही. या सर्वांच्या मधली वाट फार अरुंद आहे. भट्टी लाकडावर चालणारी, हाताशी तापमापक नाही. लाकूड किती वाळलेले आहे, ज्योतीचा रंग काय, कोणत्या कोपऱ्यात ऊब जास्त धरते, हे सर्व डोळ्यांनी आणि सवयीने ओळखायचे.

रंगांचे घड्याळ

हा लाल नेमका केव्हा आला ते बऱ्यापैकी सांगता येते. जेरुसलेमच्या 'डोम ऑफ द रॉक'साठी बनलेला एक दिवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर १५४९ शी जुळणारे हिजरी साल आहे आणि त्यात लाल नाही. सुलेमानिये मशीद १५५७ साली पुरी झाली. तिच्यातल्या टाइल्समध्ये आणि दिव्यांमध्ये लाल आहे, पण तो अजून चाचपडणारा आहे. रुस्तम पाशाच्या मशिदीत तो आत्मविश्वासाने आला आहे, तरीही टाइलमागून टाइल पाहत गेले की कुठे तेजस्वी, कुठे करपट असा फरक दिसतो. जणू प्रयोगवहीची पाने भिंतीवर लावली आहेत. पाचूसारखा हिरवा रंग इथे जवळजवळ नाही. तो थोडा नंतरचा. त्यामुळे साल लिहिलेले नसले तरी कोणते रंग आहेत आणि कोणते नाहीत यावरून टाइलचा काळ ठरवता येतो.

एवढे माहीत असूनही युरोपातले संग्राहक बराच काळ या कामाचे श्रेय भलत्यालाच देत होते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयाने ऱ्होड्स बेटावरून अशी शेकडो भांडी आणली. ती तिथे मिळाली म्हणून ती तिथेच बनली असे मानले गेले आणि लाल रंगाच्या भांड्यांना 'ऱ्होड्सची भांडी' हे नाव पडले. दुसऱ्या एका रंगसंगतीच्या भांड्यांना 'दमास्कसची' म्हणत. हा घोळ पूर्णपणे मिटवला तो विसाव्या शतकातल्या उत्खननांनी. १९६३ पासून ओक्ताय अस्लानापा या तुर्की संशोधकांनी इझ्निकमध्ये खोदकाम केले. तिथे भट्ट्या मिळाल्या आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बिघडलेला माल मिळाला. वाकडी झालेली, एकमेकांना चिकटलेली, झिलई ओघळलेली भांडी. चांगले भांडे व्यापारी कुठेही नेईल. फसलेले भांडे मात्र भट्टीपासून चार पावलांवरच फेकले जाते. वर्गात 'पुरावा म्हणजे काय' हे शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

रंग गेला कसा?

पुढची पन्नासएक वर्षे हा लाल रंग इस्तंबूलच्या एकामागून एका इमारतीवर चढत गेला. मग तो उतरू लागला. सुलतान अहमदची मशीद, जिला सर्वजण निळी मशीद म्हणतात, ती १६०९ ते १६१६ या काळात बांधली गेली. तिच्यासाठी २० हजारांहून जास्त टाइल्स लागल्या. तिथला उत्तम मालही सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्यानंतरच्या इझ्निकच्या टाइल्स पाहाव्यात. लाल तपकिरी होत जातो, मग पातळ होतो, मग येईनासाच होतो. पांढरा मळका होतो. बाह्यरेषांतून रंग बाहेर ओघळतो. सतराव्या शतकाच्या मध्यात प्रवासी एव्लिया चेलेबी लिहून गेला, की पूर्वी इथे तीनशे कारखाने होते, आता नऊच उरले आहेत. त्याला आकडे फुगवायची सवय होती. पण गाव ओस पडत चालले होते हे खरेच.

काय झाले असेल? कोणी एक म्हातारा कारागीर गुपित घेऊन वारला, अशी गोष्ट सांगायला सोपी आहे. कागदपत्रांतून वेगळे चित्र दिसते. इझ्निकचे मोठे गिऱ्हाईक एकच होते, राजवाडा. टाइलचा भावही राजवाडाच ठरवी. १५८५-८६ मध्ये ऑटोमन नाण्याचे अवमूल्यन झाले आणि अक्चे या चांदीच्या नाण्यातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आली. लाकूड, शिसे, कथील, मजुरी या सगळ्यांचे भाव चढले. टाइलचा ठरीव भाव त्यांच्याबरोबर चढला नाही. कारागीर साहजिकच बाहेरच्या गिऱ्हाइकांकडे वळले, तर आधी राजवाड्याचे काम करा असे हुकूम येत. अनातोलियात त्याच काळात बंडाळ्या माजल्या होत्या. पुढे मोठ्या शाही इमारती थांबल्या आणि एकुलते एक गिऱ्हाईकही गेले.

अशा वेळी भट्टीवाला काय करील? तो कमी वाळलेले लाकूड वापरील, गारगोटी जरा जाडसर दळील, भट्टी दाटीवाटीने भरील. निळा रंग असल्या काटकसरीला दाद देत नाही. कोबाल्ट काचेत विरघळायचा तो विरघळतोच. पण लालची वाट अरुंद. काटकसरीचा पहिला फटका त्याला बसला असणार, असे आम्हाला रसायनाच्या बाजूने वाटते. आणि वीस-तीस वर्षे लाल नीट येईनासा झाला, की तो नीट आलेला पाहिलेला माणूसच भट्टीपाशी उरत नाही. १७२० च्या सुमारास इस्तंबूलमध्ये इझ्निकच्या कारागिरांना आणून नवा कारखाना काढला गेला. टाइल्स झाल्या, पण जुना लाल आला नाही. शेजारच्या कुताह्या गावाने टाइलचा धंदा पुढेही जिवंत ठेवला. तरी तो लाल काही परतला नाही.

अबुल कासिमचा ग्रंथ आठवतो ना? गारगोटी, काच आणि माती यांचे प्रमाण शेकडो वर्षांपूर्वीच कागदावर उतरलेले होते. आम्ही स्वतः प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून हे आम्हाला जरा जास्त टोचते. आमच्याकडे नमुने भाजायची भट्टी सांभाळणारे एक सहकारी निवृत्त झाले. तापमान आणि वेळ यांचे सर्व आकडे वहीत होते. तरी नंतर कित्येक महिने नमुने पहिल्यासारखे येईनात. शेवटी त्यांना घरून बोलावले. त्यांनी भट्टीचे दार उघडून आत पाहिले आणि नमुना दोन बोटे डावीकडे सरकवला. 'तिथे ती तार जरा थकली आहे,' म्हणाले. हे वहीत नव्हते, कारण ते लिहिण्यासारखे काही आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

दाराच्या दोन बाजू

दुपारी आम्ही अया सोफियाच्या आवारात दुसऱ्या सेलीम सुलतानाची कबर पाहायला गेलो. ही इमारतही सिनानचीच, १५७७ ची, म्हणजे लाल रंग पूर्ण बहरात असतानाची. तिच्या दाराच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या नक्षीच्या टाइल्सचे दोन मोठे पट आहेत. पण डावीकडचा पट खरा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुरुस्तीच्या निमित्ताने मूळ टाइल्स काढून फ्रान्सला नेल्या गेल्या आणि त्यांच्या जागी तिथे बनवलेली नक्कल बसवली गेली. मूळ पट आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हे सर्व तिथल्या पाटीवर लिहिलेले आहे.

पाटी नसती तरी चालले असते. उजवीकडचा पांढरा अजून दुधासारखा आहे आणि लाल उठून दिसतो. डावीकडचा पांढरा मळका झाला आहे, लाल निर्जीव आहे, कडा पुसट आहेत. दोन्ही पटांनी त्याच दारात शंभराहून अधिक वर्षे तेच ऊन-पाऊस सोसले आहे. एखाद्या शास्त्रज्ञाने मुद्दाम आखावा असा हा तुलनेचा प्रयोग चोरीतून तयार झाला. नक्कल करणाऱ्या देशाकडे त्या वेळी उत्तम रसायनशास्त्र होते आणि नामांकित चिनी मातीचे कारखाने होते. समोर अस्सल नमुनाही होता. तरी असे झाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९३ साली प्राध्यापिका इशिल अकबायगिल यांनी इझ्निकमध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले. तुर्कस्तानच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेची आणि विद्यापीठांची मदत घेऊन त्यांनी गारगोटीच्या टाइलची कृती नव्याने शोधायला घेतली. जुन्या तुकड्यांचे रासायनिक पृथक्करण झाले. मिश्रणे करून, भाजून, फसून, पुन्हा भाजून पाहिले गेले. पृथक्करणाने काय घालायचे ते सांगितले, पण कसे भाजायचे ते भट्टीपाशी बसूनच शिकावे लागले. आज इझ्निकमध्ये पुन्हा टाइल्स बनतात, उठावाच्या लाल रंगासकट, आणि इस्तंबूलच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांतही त्या लागल्या आहेत. हे काम हाताने करणाऱ्यांत गावातल्या मुली आणि स्त्रिया पुष्कळ आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

शिसे विषारी आहे, तेव्हा खरी झिलई करून पाहण्याच्या फंदात कोणी पडू नये. पण दोन सोपे प्रयोग करता येतील. पहिला, बोरॅक्स मणी परीक्षा कोबाल्ट, तांबे आणि लोह या तिघांची शेजारी शेजारी करावी, आणि 'मग लाल कशाने मिळेल?' हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा. दुसरा प्रयोग आणखी सोपा. एका पेल्यात पाणी घेऊन मोरचुदाचा खडा टाकावा, दुसऱ्यात चमचाभर गेरू कालवावा. दोन्ही तासभर न हलवता ठेवावेत. मोरचुदाचा निळा रंग पाण्यात विरघळून तसाच राहील, गेरू तळाशी बसू लागेल. एक द्रावण, दुसरे निलंबन. रुस्तम पाशाच्या भिंतीवरचा निळा आणि लाल यांच्यात मूळ फरक आहे तो हाच.

आणि हे दाखवून झाले की मुलांना आणखी एक काम द्यावे. आपल्या गावात भट्टी लावणारा कुंभार असेल, भाता चालवणारा लोहार असेल, कढईतल्या पाकाची तार बोटांवर ओळखणारा हलवाई असेल. त्याच्यापाशी एक दिवस बसून, तो काय पाहतो आणि कशावरून ठरवतो, ते वहीत लिहून आणावे. त्याला जे सांगण्यासारखे वाटत नाही तेही विचारून घ्यावे. इझ्निकच्या भट्टीपाशी असे कोणी वही घेऊन बसले असते, तर तीनशेहून अधिक वर्षांनी सारे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागले नसते.